ऊब हवी, पण शेगडी दाराबाहेर!

डिसेंबर उजाडला की आपल्या नाशिक जिल्ह्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे निफाडचा पारा किती घसरला याची वर्तमानपत्रातली बातमी, आणि दुसरी म्हणजे दवाखान्याचे दार उघडण्याआधीच बाकावर येऊन बसलेली, मफलर गुंडाळलेली, खोकणारी वडीलधारी मंडळी. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जाणे यात आता कुणाला नवल वाटत नाही. अशा रात्री द्राक्षबागायतदार झोपत नाही. पहाटे तीनला उठून तो बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो, धूर करतो, पाणी सोडतो. मण्याला तडा गेला तर वर्षाची कमाई गेली, हे त्याला ठाऊक असते.

त्याचे करणे योग्यच आहे. पण वाचकहो, त्याच वस्तीवर पत्र्याच्या खोलीत त्याचे सत्तरी ओलांडलेले वडील एका जुन्या चादरीत कुडकुडत असतात, आणि त्यांच्यासाठी मात्र 'म्हातारपणी थंडी वाजायचीच' एवढ्यावर विषय संपतो. द्राक्षाची जितकी काळजी आपण घेतो तितकी घरातल्या माणसांची घ्यावी, एवढेच आज सांगायचे आहे. आणि ती घेताना एक घातक चूक टाळावी, हेही सांगायचे आहे.

एक न विचारलेला प्रश्न

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याच दवाखान्यात एक मुलगी बाळंत झाली. पहिलेच बाळंतपण, बाळ अडीच किलोचे, सगळे सुखरूप. तिसऱ्या दिवशी मी तिला घरी सोडले. लोहाच्या गोळ्या, अंगावर पाजणे, लसी, नाळेची स्वच्छता, सगळे नीट समजावून सांगितले. तिची आई सोबत होती. मोठी मायाळू बाई. जाताना म्हणाल्या, "डॉक्टर, काळजी करू नका. लेकीला अन् नातीला थंडीचा वारासुद्धा लागू देणार नाही." मला ते ऐकून बरे वाटले.

त्या रात्री त्यांनी बोलल्याप्रमाणे केले. खोली नवी होती, वर स्लॅब, खिडकीला सरकत्या काचा. खिडकी बंद केली, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबले. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली, आणि स्वतः बाजेशेजारी जमिनीवर अंथरूण टाकून निजल्या. मध्यरात्री उठून त्यांनी शेगडीत पुन्हा कोळसे घातले असावेत, कारण सकाळी शेगडी भरलेली होती.

पहाटे साडेचारला मुलीचा भाऊ टोमॅटोच्या जाळ्या घेऊन बाजारसमितीत जायला निघाला. जाताना बहिणीला हाक मारली तर ओ नाही. दार लोटून आत गेला, तेव्हा तिघीही हलेनात. त्याने तिघींना ओढून अंगणात आणले. बाळ थोड्या वेळाने रडले. मुलगी शुद्धीवर यायला दुपार झाली, आणि पुढे कित्येक आठवडे तिला साध्या गोष्टी आठवत नसत. आजी मात्र उठल्या नाहीत.

गावात सगळे म्हणाले, "म्हातारी थंडीने गेली." ती थंडीने गेली नाही. ती कोळशाच्या वायूने गेली. आणि बाळंतिणीला घरी सोडताना मी हजार सूचना दिल्या, पण 'घरी शेगडी ठेवणार का?' हा एक प्रश्न विचारला नाही. तो दोष माझा आहे. त्या दिवसापासून हा प्रश्न विचारल्याशिवाय मी एकाही बाळंतिणीला घरी सोडलेले नाही, आणि दर हिवाळ्यात या सदरातला एक आठवडा या विषयासाठी राखून ठेवतो.

'आम्ही सात बाळंतपणे शेगडीवर काढली!'

हा प्रश्न विचारला की घरातल्या ज्येष्ठ बायका हमखास रागावतात. "डॉक्टर, आम्ही सात-सात बाळंतपणे शेगडीवर काढली. आम्हाला काय झाले?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्याचे उत्तर शेगडीत नाही, घरात आहे.

कोळसा जळताना त्याला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण रक्तातून मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळून जातात. जागा असलेला माणूस उठून बाहेर तरी येईल. झोपलेल्याला मात्र ही सूचना मिळतच नाही.

आता जुने घर आठवून पाहा. वर कौले, कौलांच्या सांध्यासांध्यातून हवा. माळवदाचे घर असेल तर मधोमध सवणे, भिंतीत वर झरोका. दाराच्या फळ्यांतून बोट जाईल एवढ्या फटी. शेगडीचा वायू त्या घरात साठतच नसे, वरच्या वर निघून जाई. आजच्या खोलीला स्लॅब आहे, गिलावा आहे, सरकत्या काचा आहेत, दारे चपखल बसतात. आजीची शेगडी तीच राहिली, पण तिच्याभोवतीचे घर बदलले. सात बाळंतपणांचा अनुभव खरा असला तरी तो या खोलीचा अनुभव नाही.

या बाबतीत काही गैरसमज घरोघरी आढळतात. 'धूर संपून निखारे लाल झाले की भीती नाही' हा त्यातला सर्वांत वाईट. धूर असताना निदान खोकला येऊन माणूस दार तरी उघडतो. लालबुंद निखाऱ्यांतून वायू निघतच असतो आणि तो कळत नाही. 'शेगडीजवळ पाण्याचे पातेले ठेवले की वायू पाण्यात जातो' हाही भ्रम आहे, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. 'खिडकी बोटभर उघडी ठेवली होती' हेही मी ऐकले आहे. बोटभर फट ही खात्री नव्हे. झोपायच्या खोलीत जळता कोळसा, लाकूड, गोवरी किंवा भुशाची शेगडी नको, यात अपवाद नाही. न्हाणीघरात बसवलेल्या गॅसच्या गिझरलाही हेच लागू. दार-खिडकी बंद करून तो चालू ठेवणे म्हणजे शेगडी जवळ घेऊन अंघोळ करणेच होय.

घरात एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, तर पित्त झाले म्हणून सोडून देऊ नका. कुणी बेशुद्ध आढळला तर आधी दारे-खिडक्या सताड उघडा, माणसाला बाहेर काढा, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. कांदा हुंगवत बसू नका, तोंडात पाणी ओतू नका. त्याला प्राणवायू हवा असतो, तोही नळीने, रुग्णालयात.

थंडीही निरुपद्रवी नाही

यावर कुणी म्हणेल, मग शेगडी सोडा आणि कुडकुडत बसा! तसे मुळीच नाही. थंडीने माणसे दगावतात आणि ती केवळ उत्तरेकडच्या बर्फात नव्हे. भारतातील मृत्यूंच्या नोंदींवरून २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की कडाक्याच्या थंडीपेक्षा मध्यम थंडीमुळे ओढवणारे मृत्यू एकंदरीत अधिक भरतात. कारण सरळ आहे. पेपरात छापून येणारे कडाक्याचे दिवस चार-दोन असतात, पण साध्या थंडीच्या रात्री शंभर असतात, आणि त्यांकडे कुणी लक्ष देत नाही.

थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो. म्हणून पहाटेच्या वेळी छातीत दुखून येणारे आणि अर्धांगवायूचे रुग्ण हिवाळ्यात वाढतात. दम्याचा त्रास बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीच्या दिवसांत घरातले तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचवले. ती शिफारस मुख्यतः थंड देशांसाठी आहे, परंतु एक साधा तापमापक भिंतीवर टांगून पहाटे पाचला त्याकडे पाहा. आपले घर त्यापासून किती दूर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

घर तापवण्यापेक्षा माणूस तापवा

माझे स्पष्ट मत असे की आपल्या ऐपतीच्या घरांनी अख्खी खोली तापवण्याच्या नादी लागूच नये. हिशेबच पाहा. दोन हजार वॅटचा विजेचा हीटर तासाला दोन युनिट खातो. रात्री दोन तास लावला तरी महिन्याला १२० युनिट झाले, आणि बंद करताच खोली पुन्हा होती तशी. जुन्या वायरिंगवर असा हीटर लावणे धोक्याचे, ते वेगळेच. उलट दोन लिटर पाणी रबरी पिशवीत भरण्याइतके गरम करायला एक दशांश युनिटच्या आसपास ऊर्जा पुरते, आणि ती पिशवी पांघरुणात पायापाशी ठेवली तर अर्धी रात्र निघते. मधुमेह्यांनी मात्र पिशवी कापडात गुंडाळून पायापासून दूर ठेवावी. त्यांच्या पायांना चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो.

पांघरुणाइतकेच, किंबहुना जास्त महत्त्व अंथरुणाला आहे. वरून तीन गोधड्या घेतल्या आणि खाली फरशीवर नुसती सतरंजी असेल, तर फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. खाली घोंगडी घाला. घोंगडीखाली पुठ्ठा किंवा गोणपाट घाला. काही नसेल तर जुनी वर्तमानपत्रे आठ-दहा थरांत पसरा. हेच पान वाचून झाल्यावर तेवढ्या तरी कामी येईल! शक्य असेल तर वृद्धांना बाज किंवा पलंग द्या, पण बाजेवरही खाली जाड अंथरूण हवेच, कारण सुंभातून गार हवा लागते.

एका जाड रगापेक्षा दोन पातळ पांघरुणे अधिक उबदार, कारण ऊब धरून ठेवते ती मधली हवा. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या थरांवर थर देऊन वाकळ शिवली, त्यात हेच शास्त्र होते. गोधड्या-वाकळी दुपारच्या उन्हात टाका. रात्रभराची ओल निघून गेली की त्या पुन्हा ऊब धरतात. कानटोपी आणि पायमोजे झोपतानाही राहू द्यावेत. ऊब यावी म्हणून 'थोडीशी' घेणाऱ्यांनी हे समजून घ्यावे की दारूने कातडीकडचे रक्त वाढून फक्त गरम वाटते. अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते.

आणखी एक फुकटची शेगडी आपल्या घरातच आहे. झोपलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर पडत असते. चार माणसे एका खोलीत निजली की तीनशे वॅटची, बिनबिलाची, बिनधुराची शेगडी झाली. थंडीचे दोन महिने सगळ्यांनी मधल्या खोलीत निजावे आणि आजोबांना ओसरीवर वेगळे टाकू नये. मात्र वरचा झरोका उघडा असावा, आणि कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी त्याची थुंकी तपासून घ्यावी.

घराकडेही थोडे पाहा

पत्र्याचे घर उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फाची लादी. रात्री मोकळ्या आकाशाखाली पत्रा बाहेरच्या हवेहूनही गार होतो. पहाटे आतल्या बाजूने थेंब ठिबकतात ते त्यामुळेच. यावर उपाय म्हणजे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून छत बांधणे. उसवलेली पोती शिवून किंवा जुन्या सुती साड्या जोडून वाशांना ताणून बांधल्या तरी फरक पडतो. मधली कोंडलेली हवा गोधडीचे काम करते. चूल, दिवा आणि विजेच्या तारा यांपासून हे कापड दूर असावे, आणि माळ्यावर कडबा भरून ठेवण्याचा मोह टाळावा. थर्मोकोलही नको, ते आग झटकन धरते.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. दक्षिणेची खिडकी सकाळी दहापासून सताड उघडी टाका, ऊन फरशीवर, भिंतीवर पडू द्या आणि चार वाजता, ऊन उतरायच्या आत बंद करा. मातीच्या जाड भिंती दिवसभराची ऊब रात्री परत देतात. त्या पाडून पत्रे ठोकण्याआधी दहा वेळा विचार करावा. दाराखालची फट गोणपाटाच्या वळकटीने बुजवायला हरकत नाही, पण आत काही जळत नसेल तरच, आणि वरचा झरोका मोकळा ठेवूनच.

बाळाची शेगडी आईपाशी

बाळंतिणीला आणि बाळाला ऊब हवीच, याबाबत आज्यांचे म्हणणे सोळा आणे खरे. नवजात बाळाला स्वतःची उष्णता टिकवता येत नाही. पण त्याच्यासाठी सगळ्यांत चांगली शेगडी म्हणजे आईची छाती. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज ही पद्धत जगभर आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतही वापरली जाते. बाळाला टोपरे, लंगोट आणि मोजे एवढेच घालून आईच्या छातीला त्वचा लागेल असे ठेवावे, वरून पांघरूण घ्यावे, तोंड मोकळे असावे. जन्मल्यावर पहिले चोवीस तास तरी अंघोळ नको.

आणि शेक? तोही घ्या. शेगडी अंगणात पेटवा, तिच्यावर वाळूची किंवा ओव्याची पुरचुंडी गरम करा आणि पुरचुंडी तेवढी आत आणा. बाळंतिणीला लावण्यापूर्वी आपल्या मनगटाला लावून पाहा. बाळाला शेक नको आणि धुरीही नको.

थोडे गावाने करावे

काही गोष्टी एकट्या घराच्या हातात नाहीत. घोंगड्या-ब्लँकेटचे वाटप आपल्याकडे जानेवारीत, फोटोसह होते. ते दिवाळी संपताच करावे. सरकारी घरकुलावर पत्रा टाकला जात असेल तर त्याखाली छताची तरतूद आराखड्यातच असावी, अशी मागणी ग्रामसभेत करायला पैसे पडत नाहीत. आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटीला जातात, तेव्हा त्यांनी बाळाच्या वजनाबरोबर बाजेखालीही एकदा वाकून पाहावे. आणि माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती आहे की घरी सोडताना तो एक प्रश्न विचारायला विसरू नये.

त्या घरातली ती नात आता चार वर्षांची झाली आहे. परवा लसीसाठी आईबरोबर आली होती. मी सवयीने विचारले, "थंडीत शेगडी कुठे असते?" आईच्या आधी तीच पोर म्हणाली, "अंगणात."

वाचकहो, आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या घरातली शेगडी कुठे आहे ते एकदा पाहा. आत असेल तर उचलून दाराबाहेर ठेवा, आणि तिच्या जागी वडिलांच्या अंथरुणाखाली एक घोंगडी जास्तीची घाला.